पॉल न्यूमन आणि उद्योगपतींची दानसमिती

श्रोतेहो, नमस्कार. कंपन्यांनी आपल्या नफ्यातला काही वाटा समाजासाठी द्यावा, यासाठी कंपन्यांच्याच प्रमुखांनी 1999 साली न्यूयॉर्कमध्ये एक ना-नफा संस्था उभी केली. ‘कमिटी एन्करेजिंग कॉर्पोरेट फिलान्थ्रॉपी’ हे तिचे नाव. गोल्डमन सॅक्सचे माजी प्रमुख जॉन व्हाइटहेड यांच्यासारखी उद्योगजगतातील वजनदार माणसे तिच्या संस्थापकांत होती. पुढाकार मात्र होता हॉलिवूडचे विख्यात अभिनेते पॉल न्यूमन यांचा. एका नटाने उद्योगपतींना दान करण्याविषयी सांगावे आणि त्यांनी ते मनावर घ्यावे, हे कसे घडले, ते समजण्यासाठी आपल्याला डिसेंबर 1980 मधल्या एका तळघरात जावे लागेल.

हे तळघर कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे, न्यूमन यांच्या घराच्या आवारात होते. सॅलडवर घालायच्या मिश्रणाच्या बाबतीत हा गृहस्थ कमालीचा चोखंदळ होता. कोशिंबिरीत मीठ केव्हा घालावे यावरून ज्या घरांत आजही वाद होतात, तिथल्या श्रोत्यांना हा चोखंदळपणा समजावून सांगायला नको. एकदा उपाहारगृहात तयार मिश्रण घातलेले सॅलड पुढे आले, तेव्हा न्यूमन ती थाळी घेऊन स्वच्छतागृहात गेले, पाने नळाखाली धुतली, पुसून कोरडी केली आणि टेबलाशी परत येऊन तेल-व्हिनेगर मागवून आपल्या हाताने कालवली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. तर त्या डिसेंबरात न्यूमन आणि त्यांचे लेखक मित्र ए. ई. हॉचनर यांनी नाताळची भेट म्हणून शेजाऱ्यांना हेच मिश्रण द्यायचे ठरवले. मोठ्या टबात ऑलिव्हचे तेल, व्हिनेगर आणि मसाले ओतले. एवढे मिश्रण ढवळायला कोणता चमचा पुरणार? त्यांनी होडीचे वल्हे घेतले आणि त्याने टब ढवळला! मग नरसाळे लावून वाइनच्या जुन्या बाटल्या भरल्या आणि त्या घरोघर वाटल्या. थोड्याच दिवसांत शेजारी रिकाम्या बाटल्या घेऊन पुन्हा दारात हजर झाले.

त्यातून 1982 साली ‘न्यूमन्स ओन’ ही कंपनी सुरू झाली. बाटलीवर न्यूमन यांचा चेहरा असल्याशिवाय माल खपणार नाही, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे पडले. स्वतःच्या चेहऱ्यावर पैसा कमावणे न्यूमन यांना रुचत नव्हते, म्हणून त्यांनी सगळा नफा दान करायचे ठरवले. पहिल्याच वर्षी तीन लाख डॉलरांहून अधिक नफा झाला आणि तो सगळाच्या सगळा वाटला गेला. मिश्रणात कृत्रिम परिरक्षके घालायची नाहीत, हाही त्यांचा आग्रह होता, आणि बाटलीबंद पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने तो धरावा, असे माझे जुने मत आहे. या नफ्याच्या बळावर 1988 मध्ये कनेक्टिकटमधील ॲशफर्ड येथे गंभीर आजारांशी झुंजणाऱ्या मुलांसाठी विनामूल्य शिबिर सुरू झाले.

आता 1999 कडे येऊ. नफा हा भागधारकांचा. तो दान करण्याचा व्यवस्थापनाला अधिकार काय, हा वाद अमेरिकेत जुना आहे. एका कंपनीने प्रिन्स्टन विद्यापीठाला दिलेल्या 1,500 डॉलरांवरून खटला झाला आणि 1953 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते दान वैध ठरवले. तरीही अनेक कंपन्यांत दानाचे काम प्रसिद्धी विभागाच्या एखाद्या कोपऱ्यात पडून राहिले. न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके येथे बोट ठेवले. त्यांच्या समितीचे सदस्यत्व कंपनीच्या सर्वोच्च प्रमुखासाठी होते. दानाचा विचार सर्वोच्च प्रमुखाने स्वतः करावा आणि त्याला तसे सांगणारा माणूसही त्याच्याच बरोबरीचा असावा. पुन्हा सांगतो, बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला सांगणे, हा या संस्थेचा पाया होता. ज्याने आपला सगळा नफा देऊन टाकला आहे, त्याच्यासमोर काही टक्क्यांवरून घासाघीस करणे कोणालाही जड जाणारच.

संस्थेची कार्यकारी धुरा अनेक वर्षे सांभाळली चार्ल्स मूर यांनी. हे 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णविजेते. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले होते, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. प्राचार्यांच्या त्या दानाचा उल्लेख कोल्हापुरात आजही आदराने होतो, आणि तो व्हायलाच हवा.

पुढे संस्थेने नाव बदलले आणि कामाचा विस्तारही केला. कंपन्या किती देतात आणि कशासाठी देतात, याची आकडेवारी ती दरवर्षी प्रसिद्ध करते. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. तिथे मात्र अशी सक्ती नाही. तेथील प्रमुखांना हे काम आजही एकमेकांना पटवूनच करावे लागते.