कोठडीच्या आधी तो खांब बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय "अंदमान, तिथल्या मूळ माणसांच्या बाजूने". आधी एक सांगा, अंदमानला कोण कोण जाऊन आलंय? बघा, निम्मं सभागृह. आणि सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे डोळ्यांत पाणी कोणाच्या आलं? तेवढेच हात. माझ्याही आलं होतं, आणि त्या पाण्याबद्दल मला आजही काही मागे घ्यायचं नाहीये. पण दुसऱ्या दिवशी जे बघितलं ते गेली काही वर्षं डोक्यातून जात नाही, म्हणून आज उभी राहिलेय.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशात अंदमान म्हणजे उजवीकडे चार ठिपके, मुलं ते घाईत पेनाने टोचायची. रिटायर झाल्यावर आमच्या कॉलनीतल्या वीस जणांनी टूर बुक केली. चिवड्याचा डबा, भाकरवडी, सगळं व्यवस्थित. टूरवाल्यांच्या कागदावर चौथ्या दिवशी लिहिलं होतं, "बारातांग, चुनखडीच्या गुहा, जारवा दर्शन". जारवा म्हणजे तिथल्या जंगलातली एक मूळ आदिवासी जमात. दर्शन हा शब्द बघा हं. आपण दर्शन कोणाचं घेतो? पंढरपूरला घेतो, ताडोबाला वाघाचं घेतो. इथे माणसांचं.

पहाटे तीनला उठवलं. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची ही मोठी रांग, सगळे झोपेत, चहाच्या टपऱ्या चालू. तिथून पुढे सुमारे पन्नास किलोमीटर जंगल जारवांचं राखीव, त्यामुळे गाड्या ताफा करून ठरलेल्या वेळेलाच सोडतात, पोलिस बरोबर, फोटो बंद, थांबायचं नाही, काही द्यायचं नाही, हे बोर्डावर मोठ्या अक्षरात. गेट उघडलं आणि आमच्या बसमधला प्रत्येक माणूस खिडकीला चिकटला. डावीकडे काही हललं की सगळे डावीकडे, उजवीकडे हललं की उजवीकडे, ड्रायव्हर ओरडतोय, बसा बसा.

मग दिसला. बारा-तेरा वर्षांचा असेल, विटका लाल टीशर्ट, हातात धनुष्य, ओठ पानाने रंगलेले. ते पान-तंबाखू जंगलात उगवत नाही, रस्त्यावरून आलंय. आमची बस जवळ आली तसा त्याने हात पुढे केला. तळवा वर. सिग्नलला गाडी थांबल्यावर काचेशी जो हात येतो ना, अगदी तसा. ज्याला त्या जंगलात डुकराची शिकार येते, मध कुठल्या झाडाला आहे ते माहीत आहे, त्याला हा हात आपण शिकवलाय. ड्रायव्हरने हॉर्न दिला, बस निघून गेली, आणि आमच्या बसमध्ये टाळ्या वाजल्या. आदल्या दिवशी कोठडीपुढे डोळे पुसणारी हीच माणसं. मी पण त्याच बसमध्ये, त्याच तिकिटावर.

परत आल्यावर वाचायला लागले. आपण त्यांना जारवा म्हणतो, ते स्वतःला आंग म्हणतात, जारवा हे दुसऱ्या टोळीने परक्यांसाठी वापरलेलं नाव. आमची बस गेली तो रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड, तो राखीव क्षेत्रातून जातो तेवढा बंद करा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश ७ मे २००२ चा आहे. आणि ती केस उभी करण्यात आपली पुण्याची कल्पवृक्ष ही पर्यावरण संस्था होती, मुंबईची बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी होती, अंदमानातली सेन ही संस्था होती. आपल्या लोकांनी केलेलं हे काम आपल्यालाच माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. रस्ता चालूच राहिला. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्यासाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला, २०१३ च्या जानेवारीत कोर्टाने पर्यटकांना मनाई केली, मार्चमध्ये ती उठली.

चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं? अहो मुख्य मुद्दा आत्ता येतोय, जरा भरभर सांगते.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली, त्यात सत्तावनचे बंडवाले. आपल्यासाठी ते वीर. त्यांच्या हातात कुऱ्हाडी दिल्या आणि जंगल तोडायला लावलं, आणि ते जंगल ग्रेट अंदमानी या तिथल्या दुसऱ्या मूळ लोकांचं घर होतं. म्हणजे आपल्या काळ्या पाण्याची सुरुवातच कोणाचं तरी घर तोडून झाली. एप्रिल १८५९ मध्ये या ग्रेट अंदमानींनी वसाहतीवर हल्ला केला तेव्हा पायात बेडी असलेल्यांना बाजूला व्हायच्या खुणा केल्या आणि मुकादमांना गाठलं, हे इंग्रजांच्याच नोंदीत आहे. बेडी कोणाच्या पायात आणि हुकूम कोणाचा, हा फरक त्यांना कळत होता. मे महिन्यात अ‍ॅबर्डीनची मोठी लढाई झाली, पण दूधनाथ तिवारी नावाच्या पळून गेलेल्या कैद्याने, ज्याला त्यांनी वर्षभर आपल्यात ठेवलं, लग्न लावून दिलं, त्याने जाऊन इंग्रजांना आधीच खबर दिली. त्याला माफी मिळाली. धनुष्यबाण तोफांपुढे पडले.

नंतर इंग्रजांनी ग्रेट अंदमानींना ठेवायला "होम" काढली, गोवर आला, सिफिलिस आला. हजारोंनी असलेले लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५, आणि १९६१ मध्ये १९. एकोणीस! त्यांच्यातली बो भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० ला गेली. आपण झेंडावंदन करत होतो.

अ‍ॅबर्डीनच्या त्या लढाईचा एक स्मारकस्तंभ आहे, जेलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, वॉटर स्पोर्ट्सच्या आवारात. आमच्या गाइडने तिथे जेट स्कीचे रेट सांगितले. माझी एवढीच मागणी आहे, आधी त्या खांबापाशी जा, मग कोठडीत जा, आणि बारातांगचा दिवस टूरमधून काढून टाकायला लावा, वीस जणांचं बुकिंग असेल तर टूरवाले ऐकतात.

ग्रेट निकोबार राहिलंच बघा. तिथे बंदर, विमानतळ, टाउनशिप येतेय, सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. शोंपेन आणि निकोबारी या आदिवासी लोकांचं ते बेट. तिथल्या ट्रायबल कौन्सिलने आधी दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये लेखी मागे घेतली. २००४ च्या सुनामीनंतर निकोबारी लोकांना किनाऱ्यावरच्या गावांतून उठवून सरकारी वस्तीत आणलं होतं, तेव्हापासून ते एकच मागतायत, आम्हाला आमच्या गावाला परत जाऊ द्या. अजून त्याच सरकारी वस्तीत आहेत.