हॅमट्रॅमिक: डेट्रॉइटच्या पोटातलं शहर

[दृश्य: जोसेफ कॅम्पाऊ अव्हेन्यू, सकाळ. दुकानं उघडताहेत. पाट्या एकेक करून.]

आधी या शहराचं नाव नीट म्हणून घेऊ. हॅम-ट्रॅ-मिक. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एम, सी, के अशी तीन व्यंजनं एकमेकांना खेटून उभी आहेत. मधला 'इ' बोलणाऱ्याने पदरचा घालायचा.

नाव ऐकून पोलिश असेल असं वाटतं. तसं नाही. जाँ-फ्रान्स्वा हॅमट्रॅमिक हा कॅनडातून आलेला फ्रेंच भाषक. अमेरिकी सैन्यात तो कर्नल झाला, आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डेट्रॉइटचा किल्ला सोडल्यावर तिथला पहिला अमेरिकी सेनाधिकारीही तोच. म्हणजे या गावाला पहिल्यापासून नाव मिळालं तेच परमुलखातून आलेल्या माणसाचं.

[दृश्य: नकाशा. डेट्रॉइटचा मोठा आकार, मधोमध एक लहान तुकडा.]

मिशिगन राज्यातलं डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. त्याच्या पोटात हा तुकडा आहे. पश्चिमेला हायलंड पार्क नावाच्या तशाच छोट्या शहराला जराशी शीव लागते, बाकी चहूबाजूंनी डेट्रॉइट. क्षेत्रफळ दोन चौरस मैलांच्या किंचित वर, म्हणजे साधारण साडेपाच चौरस किलोमीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पाऊण तास पुरे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २८,४३३. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी.

पण महापौर वेगळा, कौन्सिल वेगळं, पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या. एवढ्याशा गावाला डेट्रॉइटने गिळलं कसं नाही?

उत्तर एका कारखान्यात आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. डॉज मेन, अनेक मजली इमारत, गेटमधून बाहेर पडणारी गर्दी.]

१९१० पर्यंत इथे शेतं होती, बहुतेक जर्मन कुटुंबांची. लोकवस्ती ३,५५९. त्या वर्षी जॉन आणि होरेस डॉज या भावांनी इथे कारखाना उभा केला. सुरुवातीला ते फोर्डसाठी सुटे भाग बनवत, १९१४ पासून स्वतःच्या नावाची मोटार काढू लागले. लोक त्या कारखान्याला 'डॉज मेन' म्हणत.

कामगार हवे होते. ते आले पोलंडमधून. खरं तर तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. अशा, देश हरवलेल्या लोकांनी हे गाव भरलं. १९२० च्या जनगणनेत आकडा आला ४८,६१५. दहा वर्षांत तेरापटीहून जास्त. घरं एकमेकांना इतकी चिकटून बांधली की दोन भिंतींमधून माणूस आडवा होऊन जावा. ती घरं आजही तशीच आहेत.

कारखान्याचा कर गावात राहावा आणि डेट्रॉइटने गाव आपल्यात ओढू नये, म्हणून १९२२ मध्ये या खेड्याने शहराचा दर्जा घेतला. त्या वर्षापासून २०२१ पर्यंत, म्हणजे ९९ वर्षं, इथला प्रत्येक महापौर पोलिश वंशाचा होता.

[दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांचे मथळे.]

हे महापौर सगळेच साधुसंत होते असं नाही. पहिला महापौर पीटर जेझेव्स्की. देशात दारूबंदी होती, आणि हॅमट्रॅमिकमध्ये दारूचा ओघ काही थांबत नव्हता. महापौरसाहेबच त्या कटात सापडले आणि तुरुंगात गेले. पुढे रुडॉल्फ टेनेरोविच, पेशाने डॉक्टर. अवैध धंद्यांना अभय दिल्याच्या खटल्यात १९३२ मध्ये दोषी ठरले. गव्हर्नरने माफी दिली. १९३६ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा महापौर केलं आणि त्यानंतर थेट वॉशिंग्टनला, अमेरिकी संसदेत पाठवलं. तुरुंगातून सुटून निवडून येणारा पुढारी ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

त्याच गावात त्याच वर्षांत एक वेगळी बाईही निवडून आली. तिची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

[दृश्य: खाटकाच्या दुकानाबाहेर फलक धरून उभ्या असलेल्या बायका. १९३५.]

मेरी झुक. नवरा मोटार कारखान्यातला, काम सुटलेला. महामंदीचा काळ, आणि मटणाचे भाव भडकलेले. १९३५ च्या जुलैत हॅमट्रॅमिकच्या बायका रस्त्यावर उतरल्या. मागणी एकच: भाव २० टक्क्यांनी उतरवा. खाटकांच्या दुकानांपुढे त्यांनी पहारे बसवले. कुणी मटण घेऊन बाहेर पडलं तर पुडकं हिसकावून रस्त्यात फेकलं जाई. पुरुषांचीही गय नव्हती. हे लोण डेट्रॉइटमध्ये आणि आणखी शहरांत पोचलं. झुकबाई शिष्टमंडळ घेऊन थेट वॉशिंग्टनला कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्यापुढे जाऊन बसल्या. लाटणं मोर्चे पाहिलेल्या मराठी माणसाला हे चित्र समजायला वेळ लागणार नाही. फक्त हे जवळजवळ चाळीस वर्षं आधीचं आहे.

१९३६ मध्ये मेरी झुक कौन्सिलवर निवडून आल्या. या शहराच्या पहिल्या महिला नगरसेवक. त्यानंतर वर्षभरात, १९३७ च्या मार्चमध्ये, डॉज मेनच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला.

[दृश्य: सेंट फ्लोरियन चर्चचा उंच मनोरा. मिठाईच्या दुकानाबाहेर रांग.]

पोलिश हॅमट्रॅमिकचे सुगीचे दिवस ते हेच. छोट्या छोट्या घरांच्या वर डोकं काढून उभं असलेलं सेंट फ्लोरियनचं चर्च कामगारांच्या वर्गणीतून उभं राहिलं. उपासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी पोंच्कीसाठी पहाटेपासून रांगा लागतात. पोंच्की म्हणजे आत जॅम भरून तळलेला गुबगुबीत गोळा. घरातलं तूप, साखर, अंडी उपासाआधी संपवायची, हा त्यामागचा हिशेब. १९५९ मध्ये इथल्या शाळकरी पोरांनी बेसबॉलची लिटल लीग विश्वमालिका जिंकली. १९६९ मध्ये कॅरोल वोयतिला नावाचे एक पोलिश कार्डिनल इथे येऊन गेले. १९८७ मध्ये तेच पुन्हा आले, तेव्हा ते पोप जॉन पॉल दुसरे होते.

आता याच चित्राची दुसरी बाजू.

[दृश्य: मोकळी पडलेली जागा. गवत.]

या गावात कृष्णवर्णीय कुटुंबंही राहत होती. १९५० आणि ६० च्या दशकांत 'नगर नूतनीकरण' म्हणून वस्त्या पाडायला सुरुवात झाली. पाडल्या गेल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच. १९६८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला की शहराने हे जाणूनबुजून केलं. मग तडजोड १९८० मध्ये: विस्थापितांसाठी २०० घरं बांधायची. शेवटची घरं तयार झाली २०१० मध्ये. दावा लावणाऱ्यांची नातवंडं तोवर मोठी झाली होती.

[दृश्य: डॉज मेन पाडतानाचं चित्रण. धूळ.]

१९८० च्या जानेवारीत डॉज मेन बंद पडला. ज्या करावर शहर उभं होतं तो करच गेला. त्या जागी जनरल मोटर्सचा नवा कारखाना यायचा ठरला, पण त्यांना जागा कितीतरी जास्त हवी होती. डेट्रॉइटने शेजारच्या पोलटाउन या मोहल्ल्याचा मोठा भाग संपादित केला. चार हजारांहून जास्त माणसं उठवली. लोक चर्चमध्ये ठिय्या देऊन बसले, त्यांना बाहेर काढून १९८१ च्या जुलैत चर्च पाडलं. खासगी कंपनीसाठी सरकार घर घेऊ शकतं का, या प्रश्नावर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा 'हो' म्हटलं. २००४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. तोवर कारखान्यात मोटारी तयार होत होत्या. आज तिथे विजेवरची वाहनं बनतात, आणि नाव आहे 'फॅक्टरी झिरो'.

[दृश्य: नगरपालिकेचं सभागृह. रिकाम्या खुर्च्या.]

इथला कारभार कसा चालतो तेही थोडक्यात. सहा नगरसेवक आणि एक महापौर. प्रभाग नाहीत, सगळे अख्ख्या शहरातून निवडून येतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. रोजचं काम सिटी मॅनेजर बघतो. आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा, फक्त त्याला राज्य सरकार पाठवत नाही, कौन्सिलच नेमतं.

आणि तिजोरी रिकामी झाली की राज्य सरकार प्रशासक बसवतं. हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे निवडणुका लांबल्या म्हणून प्रशासक आले, इथे पैसा संपला म्हणून. २००० मध्ये पहिला आला. २०१० मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर करू द्या म्हणून राज्याकडे परवानगी मागितली, ती मिळाली नाही. २०१३ मध्ये दुसऱ्यांदा प्रशासक. तेव्हा लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हाती फारसं काही नव्हतं.

[दृश्य: कोनंट अव्हेन्यू. बंगाली पाट्या, भाजीची दुकानं.]

पोलिश पोरं शिकली, उपनगरांत गेली. घरं स्वस्त झाली. त्या घरांत आले येमेनी, बोस्नियन, आणि बांगलादेशी. कोनंट अव्हेन्यूला आज 'बांगलाटाउन' म्हणतात, आणि मतपत्रिका बंगालीतही छापल्या जातात.

सरळ झालं नाही हे. १९९९ च्या निवडणुकीत एका गटाने मतदान केंद्रांवर माणसं उभी केली. सावळा रंग किंवा अरबी वळणाचं नाव दिसलं की हरकत घ्यायची. चाळीसहून अधिक मतदारांना, काहींच्या हातात अमेरिकी पासपोर्ट असताना, 'मी नागरिक आहे' अशी शपथ घ्यायला लावली. केंद्र सरकारने दखल घेतली, शहराला करारनामा करावा लागला. २००४ मध्ये भोंग्यावरच्या अजानवरून वाद पेटला. कौन्सिलने आवाजाचा नियम बदलून सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत परवानगी दिली. विरोधकांनी सार्वमत मागितलं. सार्वमत झालं, आणि मतदारांनी परवानगी कायम ठेवली.

२०१५ मध्ये कौन्सिलवर मुस्लिम नगरसेवक बहुसंख्य झाले. २०२१ मध्ये येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौरपदी निवडून आले, आणि २०२२ च्या जानेवारीपासून महापौर आणि सहाही नगरसेवक मुस्लिम. देशभरच्या कॅमेऱ्यांनी गावाकडे धाव घेतली. त्या सहांच्या यादीतलं एक नाव मात्र घाईत वाचून पुढे जाण्यासारखं नाही: अमांडा जॅच्कोव्स्की. आडनाव पोलिश, घराणं पोलिश, धर्म स्वतः स्वीकारलेला इस्लाम.

[दृश्य: ध्वजस्तंभांची रांग.]

१३ जून २०२३. सभागृह गच्च भरलेलं. शहराच्या मालकीच्या जागेवर कोणते झेंडे फडकावे, हा विषय. ठराव असा: अमेरिकेचा, मिशिगनचा, हॅमट्रॅमिकचा, युद्धकैद्यांच्या स्मरणाचा, आणि इथल्या रहिवाशांच्या मूळ देशांचे. बाकी कुठलाच नाही. म्हणजे समलैंगिकांचा इंद्रधनुषी झेंडाही नाही. सगळ्यांना सारखा नियम, असं बाजूने बोलणारे म्हणत होते. रोख कुणावर आहे ते सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आधीच्या महापौर कॅरन मायेव्स्की यांनी हा विश्वासघात असल्याचं बोलून दाखवलं: तुमच्यावर वेळ आली तेव्हा आम्ही तुमच्या बाजूने उभे होतो.

माइकपुढची रांग लांब होती. एकेक जण बोलून गेला. मग मतदान झालं. ठराव एकमताने मंजूर.