'बट'वर काट मारण्याआधी

मंडळी, पेपर तपासताना मी आजवर सर्वांत जास्त खोडलेला इंग्रजी शब्द कोणता असेल, तर तो 'बट'. 'ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.' लाल पेनानं 'बट'वर काट मारायची, अर्धा मार्क कापायचा आणि पुढचा पेपर ओढायचा. यात माझी बरीच वर्षं गेली. मग एकदा टी.वाय.ची एक मुलगी निबंध घेऊन आली आणि म्हणाली, "सर, 'बट' काढला तर वाक्य लंगडं नाही का वाटत?"

लंगडं! नेमका शब्द. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' हवाच. 'तो जरी गरीब होता, तरी प्रामाणिक होता.' यातला 'जरी' गाळा, काही बिघडत नाही. 'तो गरीब होता, तरी प्रामाणिक होता.' आता 'जरी' ठेवून 'तरी' गाळून बघा. वाक्य अधांतरी राहतं. जर-तरचंही तसंच. 'पाऊस आला तर जाऊ नकोस' यात 'जर' कुठंय? कुणाला आठवणही होत नाही. म्हणजे मराठीत जोडीतला भार दुसऱ्या शब्दावर असतो, आणि इंग्रजीत 'ऑल्दो' एकट्यानं तो उचलतो. मी नेमका तोच शब्द खोडत होतो, ज्याच्या आधारावर तिच्या कानात वाक्य उभं होतं. चिनी विद्यार्थीही हीच चूक करतात, कारण त्यांच्या भाषेतही या अर्थाची अशीच जोडी आहे.

दुसरी नेहमीची तक्रार 'बिकॉज'ची. 'ही लेफ्ट द व्हिलेज. बिकॉज देअर वॉज नो वॉटर.' मधे पूर्णविराम! पण मराठीत 'त्यानं गाव सोडलं. कारण तिथं पाणी नव्हतं' हे रोज छापून येतं, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

आणि 'ही आस्क्ड मी दॅट व्हाय आर यू लेट'? या 'दॅट'च्या जागी 'की' ठेवा. 'त्यानं मला विचारलं की तुला उशीर का झाला.' गंमत अशी, की हा 'की' मुळात फारसीतून आलाय. (आत्ताच मीही तो वापरला, बघा.) 'तुला उशीर का झाला, असं त्यानं विचारलं' हे आपलं घरचं वळण. म्हणजे पोरगं इंग्रजीत मराठी घुसवतंय म्हणून आपण ओरडतो, तेव्हा ते खरं तर फारसी घुसवत असतं.

पण सगळं खापर मातृभाषेवर फोडू नका. 'ही गो टू कॉलेज' हे घ्या. जातो, जाते, जातात, जातेस असं क्रियापद आयुष्यभर फिरवणारा मुलगा इंग्रजीतला एक 'एस' विसरतो. यात मराठीचा काय दोष? तो 'एस' स्पॅनिश बोलणारेही विसरतात, आणि त्यांची क्रियापदं तर आपल्यासारखीच फिरणारी. अशा चुका शिकण्याच्या वाटेवरच लागतात. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये सांगितलं होतं, की चुकांमधून शिकणाऱ्याची स्वतःची एक व्यवस्था दिसते. दुसरे भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या त्या भाषेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र अजून 'व्हर्नाक्युलरची पोरं' एवढंच निदान चालतं.

तर ती मुलगी. तिला मी 1611 च्या इंग्रजी बायबलमधलं एक वाक्य दाखवलं. 'दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम.' त्यानं मला मारून टाकलं, तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवीन. तिनं 'येट'वर बोट ठेवलं. "सर, हा तर 'तरी'!"

म्हणजे इंग्रजीतही ही जोडी होती. आजही 'ऑल्दो'नंतर 'येट' आला तर तो जुन्या वळणाचा वाटतो, पण चूक धरत नाहीत. पुढच्या निबंधात तिनं चार ठिकाणी 'येट' घातला. दोन जरा जास्तच झाले होते. मी एकही खोडला नाही.