कपाळावर आधी क्रूस, मग पाणी

(दृश्य: वसईतली आळी, सकाळ)

वसईत कुठल्याही गावात शिरा, दर दोन-चार वळणांनी एक क्रूस लागतोच. हा बघा विहिरीजवळचा, चुना मारलेला, चौथऱ्यावर जुन्या मेणबत्त्यांचं मेण थरावर थर साचून दगडाला चिकटलंय, वर झेंडूचा हार. मे महिन्यात संध्याकाळी आळीतली माणसं इथे जमतात, रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, पोरं मध्येच पळत असतात. पण हा खांब मुळात शिक्षेचा आहे. रोमन लोक गुलामांना, बंडखोरांना यावर खिळे ठोकून टांगायचे, हाल हाल करून मारायचे, आणि तोच खांब आपण हार घालून आळीच्या तोंडाशी उभा केलाय. का, ते सांगायचंय.

(दृश्य: वसईचा किल्ला, पडक्या चर्चच्या भिंती)

या वसईचा मुलगा गोन्सालो गार्सिया. फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला व्रतस्थ, होता, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला आणखी २५ जणांबरोबर त्याला क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण त्याचा क्रूस ही विश्वासाची साक्ष होती. तारण, म्हणजे पापातून सुटका, एकाच क्रूसाने होतं, येशूच्या, आणि गोन्सालोचंही त्यानेच झालं.

(दृश्य: चर्चमध्ये बाप्तिस्मा)

आता हे नीट बघा, बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा संस्कार. फादर दाराशीच थांबलेत, विचारतायत, बाळाचं नाव काय ठेवलंत? ख्रिस्तसभेकडे बाळासाठी काय मागता? आईबाप म्हणतात, बाप्तिस्मा. आणि मग पाण्याच्या आधी, तेलाच्याही आधी, फादर अंगठ्याने बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. मग आई, मग बाप, मग धर्मपिता-धर्ममाता. लाल लुगड्यातली आजी मागे टॉवेल धरून उभी आहे. बाळ झोपलंय! त्याने अजून एक प्रार्थना म्हटलेली नाही, उपास केलेला नाही, कुणाचं चांगलं केलेलं नाही, आणि क्रूस त्याच्या कपाळावर आलासुद्धा. कृपा म्हणजे काय हे मला याच्याहून सोपं करून सांगता येत नाही. बापाने घर बांधायचं आणि लेकराने त्यात आयतं जन्माला यायचं, तसं आहे हे, लेकराकडे कुणी भाडं मागत नाही.

मग छातीला तेल, मग डोक्यावर तीनदा पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि इथे बाळ जागं होऊन रडतं. टाळूला क्रिस्मा, म्हणजे पवित्र सुगंधी तेल, अंगावर पांढरं वस्त्र, मोठ्या पास्का, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती बापाच्या हातात.

(दृश्य: समुद्रकिनारा, पहाट)

किनाऱ्यावरची ही मंडळी वेगळ्या चर्चची, ते लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच देतात, तेही पूर्ण बुडवून. त्यावरून ख्रिस्ती लोकांत शेकडो वर्षं वाद आहेत, आज त्यात शिरत नाही. पण पाण्याखाली जाणारा हा माणूस बघितला की प्रेषित पौल बायबलमध्ये रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायात काय म्हणतो ते डोळ्यांसमोर येतं, की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो, पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालावं म्हणून. म्हणजे हे पाणी नुसतं धुवायचं नाही, त्यात क्रूस आहे, कबर आहे.

(दृश्य: पास्काची रात्र)

पास्काच्या रात्री ते अजून स्पष्ट दिसतं. मेणबत्तीवर क्रूस कोरलेला, त्यात धूपाचे पाच दाणे खोचलेले, येशूच्या पाच जखमांचे, आणि हीच मेणबत्ती फादर बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरवतात. योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो की क्रूसावर येशूच्या कुशीत भाला खुपसला तेव्हा रक्त आणि पाणी निघालं, आणि चर्चचे जुने आचार्य म्हणायचे, बाप्तिस्म्याचं पाणी ते तिथलंच.

मग लोक विचारतात, पाणी नसेल तर? येशूच्या बाजूला टांगलेल्या चोराचा कुठे बाप्तिस्मा झाला होता? नव्हता झाला, आणि तरी येशू त्याला म्हणाला, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. कॅथलिक चर्चची शिकवण अशी की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. म्हणून पाणी फालतू ठरत नाही, फक्त कृपा आधी कुणाची ते कळतं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथाच्या, लोकांनी, ज्यांचं याच मुद्द्यावरून सोळाव्या शतकात फाटलं होतं, एकत्र सही केली, की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, आपल्या पुण्याईमुळे नाही.

एवढं फुकट मिळालं की माणसाने बदलायला हवं, भावाशी बंद केलेलं बोलणं सुरू करायला हवं, ते शूट करता आलं नाही.

(दृश्य: पाणी शिंपडताना, गर्दी)

हे सगळे आपापल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणतायत, सैतानाला नाकारता का, नाकारतो, आणि फादर चालत चालत सगळ्यांवर पाणी शिंपडतायत, मागच्या रांगेत उशिरा आलेल्यांवरसुद्धा.