दोन घास आणि आग्रह

[जेवणाचं टेबल. भरलेलं ताट.]

"थोडं तरी खा ना गं."

कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या घरात हे दिवसभर कानावर पडतं. म्हणणाऱ्याचा जीव तुटत असतो. पण आजारी आईला जेवणाची वेळ जवळ आली तरी धास्ती वाटायला लागते.

तिला खायचं नसतं असं नाही. केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यात कर्करोगाच्या पेशी येतात, तशाच जिभेवरच्या चवीच्या आणि तोंडाच्या, आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही. मग तोंडाला चव राहत नाही, काहींना सगळंच धातूसारखं लागतं. आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि मेंदूकडे मळमळीचा निरोप जातो. शिवाय आजारच शरीरात दाह वाढवून भूक मारतो. "मनावर घे, म्हणजे घास जाईल" हे बोलणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

[स्वयंपाकघर. हात काम करताहेत.]

१९७८ साली इलीन बर्नस्टीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना केमोच्या आधी अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर त्यातल्या बऱ्याच मुलांना ते नकोसं झालं. मळमळ औषधाची, पण शरीराने खापर फोडलं आइस्क्रीमवर! आईच्या आवडीचा पदार्थ आपण नेमका केमोच्याच दिवशी करतो. तो चांगल्या दिवसासाठी राखून ठेवा.

भरलं ताट समोर आलं की उरलीसुरली इच्छाही जाते. दर दोन-तीन तासांनी वाटीभर पुरे. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर गार द्या. धातूची चव येत असेल तर चमचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या. प्रथिनं मात्र हवीतच: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. "साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. तोंडातले फोड, बद्धकोष्ठता, उलट्या यांवर औषधं आहेत. भुकेसाठीही आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. आणि आजार फार पुढे गेला असेल, तर बळजबरीने भरवून ताकद येत नाही. हे ऐकायला जड जातं, पण बळजबरी थांबवली की आईचा त्रास वाचतो.

[व्हरांडा. वडील खुर्चीत.]

आजारी वडील असतील, तर उमेदीचं काय? "तुम्ही ठणठणीत होणार" हे वडिलांना पटत नाही, आणि ते आपल्यालाच धीर द्यायला लागतात. त्यापेक्षा डॉक्टरांना त्यांच्यासमोर, त्यांची तयारी असेल तर, सरळ विचारा: उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? उत्तर कळलं की नेमकी कशाची आशा धरायची, हे त्यांना स्वतः ठरवता येतं.

गोळ्या घेतल्या का, पोट साफ झालं का, किती खाल्लंत. दिवसभर हेच विचारलं जाणारा माणूस घरात नुसता रुग्ण होऊन बसतो. त्यांना त्यांच्या कामाचं काही विचारा. बिघडलेला पंखा, अडलेला व्यवहार, मुलाच्या नोकरीचा घोळ. सल्ला मागा. नाही पटला तर पूर्वीसारखा वाद घाला.