44 पाठ्यपुस्तकं आणि एक तळटीप: अमेरिकी सरकारी शाळांतला इहवादी मानवतावाद

मार्च 1987. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात संघीय न्यायाधीश ब्रेव्हर्ड हॅन्ड निकाल देतात: सरकारी शाळांतली 44 पाठ्यपुस्तकं यापुढे वापरायची नाहीत. त्यात इतिहासाची पुस्तकं होती, सामाजिक शास्त्रांची होती, गृहविज्ञानाचीही. अश्लील मजकूर किंवा देशद्रोह असा आरोप त्यांच्यावर नव्हता. इतिहासाच्या पुस्तकांनी धर्माचं योगदान गाळलं आणि गृहविज्ञानाच्या पुस्तकांनी मुलांना चांगलं-वाईट स्वतः ठरवायला सांगितलं, हा काही पालकांचा आक्षेप होता. न्यायाधीशांच्या मते इहवादी मानवतावाद, म्हणजे देवाऐवजी माणसाच्या बुद्धी-अनुभवावर नीती उभारणारा विचार, हाही एक धर्मच, आणि सरकार तो मुलांना शिकवत होतं, जे अमेरिकी घटनेत बसत नाही.

हा युक्तिवाद आला कुठून?

एक धागा 1933 सालचा. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मानवतावादी जाहीरनाम्यावर 34 जणांच्या सह्या होत्या, आणि त्यांतली एक सही जॉन ड्युई या शिक्षणतज्ज्ञाची. मुलानं पाठांतरापेक्षा प्रश्न सोडवत शिकावं, वर्गानं चर्चा करून निर्णय घ्यायला शिकावं, ही ड्युईंची मांडणी तोवर शिक्षक-प्रशिक्षणात मुरली होती. त्या सहीमुळे टीकाकारांना शाळा आणि मानवतावाद यांची सांगड घालणं सोपं गेलं.

दुसरा धागा निव्वळ एका तळटीपेचा. 1961 साली मेरीलँडमधल्या टॉर्कासो खटल्यात, सरकारी पदासाठी देवावरच्या श्रद्धेची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. निकालाच्या अकराव्या तळटीपेत, देव न मानणाऱ्या धर्मांच्या यादीत, बौद्ध आणि ताओ मतांच्या जोडीला इहवादी मानवतावादाचं नाव आलं. पुढची कित्येक वर्षं ही तळटीप शाळांविरुद्धच्या वादात वापरली गेली. 1984 साली तर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, ‘मॅग्नेट’ (खास अभ्यासक्रमाच्या सरकारी) शाळांच्या एका अनुदानातून ‘इहवादी मानवतावाद’ शिकवायला मनाई केली; पण म्हणजे नेमकं काय, ते कायद्यात कुठंच सांगितलं नाही. 1988 मध्ये ती अट गेली.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट हरवते, आणि ती फार महत्त्वाची आहे. शाळेतली सरकारी प्रार्थना थांबली ती कुणा तत्त्वज्ञाच्या जाहीरनाम्यामुळे नव्हे. शाळेत कुणाचं बायबल वाचायचं, प्रोटेस्टंटांचं की कॅथलिकांचं, या वादातून 1844 साली फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, कॅथलिक चर्च जाळली गेली, माणसं मेली. न्यू यॉर्कच्या शाळांतली प्रार्थना अवघ्या 22 शब्दांची आणि सरकारी मंडळानं लिहिलेली. तिच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत ज्यू कुटुंबं होती. 1962 साली सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध एक मतांनी ती रद्द केली. पेनसिल्व्हेनियात कायद्यानं रोज बायबलमधल्या किमान दहा वचनं वाचली जात, कोणतंही भाष्य न करता. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही घटनाबाह्य ठरवलं. त्याला आव्हान देणारं शेम्प कुटुंब युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचं, म्हणजे श्रद्धावानच. आपल्या मुलाला दुसऱ्याची प्रार्थना म्हणायला लागू नये, ही साधी मागणी होती.

त्याच 1963 च्या निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. सरकार ‘इहवादाचा धर्म’ स्थापून श्रद्धेशी वैर धरू शकत नाही. आणि बायबलचा किंवा धर्मांच्या इतिहासाचा वस्तुनिष्ठ अभ्यास शाळेत खुशाल करता येतो.

शाळांनी पहिलं वाक्य पाळलं, दुसरं मात्र बहुतेक विसरल्या. वाद नको म्हणून प्रकाशक धर्माचा उल्लेखच टाळू लागले. गुलामगिरीविरोधी चळवळ किंवा मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढा चर्चशिवाय समजत नाही. तरीही ते पानांवरून गायब. मोबीलच्या पालकांची ही तक्रार खरी होती. उपाय चुकीचा होता. ऑगस्ट 1987 मध्ये अपील न्यायालयानं हॅन्ड यांचा निकाल फिरवला. मानवतावादाला घटकाभर धर्म मानलं, तरी स्वतंत्र विचार, सहिष्णुता, स्वाभिमान शिकवणं म्हणजे त्या धर्माचा प्रसार नव्हे, आणि गाळलेला मजकूर म्हणजे धर्माशी वैरही नव्हे, असं न्यायालयानं सांगितलं.

मग शिक्षकानं वर्गात करायचं काय? धर्माबद्दल शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही. ‘येशू पुन्हा जिवंत झाला’ असं न म्हणता ‘येशू पुन्हा जिवंत झाला असं ख्रिश्चन मानतात’ असं म्हणायचं. ‘हे सगळं थोतांड आहे’ हे वाक्यही तितकंच निषिद्ध, कारण तेही सरकारी पगारावर दिलेलं मतच. एखाद्या मुलाला ‘तुझ्या धर्मात काय सांगितलंय?’ असं विचारून सगळ्या समाजाचा प्रवक्ता करायचं नाही. विधींचं नाटक वर्गात बसवायचं नाही. त्यात पाहणं आणि करणं यांतला फरक पुसला जातो. जेवणाआधी स्वतःहून प्रार्थना करणाऱ्या मुलाला अडवायचं नाही.

2022 साली फुटबॉल प्रशिक्षक केनेडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, सरकारची कृती धर्माला झुकतं माप देते का हे ठरवणारी 1971 पासूनची तीन कलमी कसोटी सोडून दिली. आता इतिहास आणि परंपरा पाहून निर्णय होतात. सामन्यानंतर मैदानावर केलेली वैयक्तिक प्रार्थना त्यात वैध ठरली. 1962 आणि 1963 चे निकाल मात्र अजून कायम आहेत: शिक्षकानं वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेणं आजही घटनाबाह्यच आहे.