बोटीवरची दुसरी बॅटरी

मंडळी, आपल्या ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर बोटीतून फिरून आलेले इथे बरेच असतील. आपल्यातल्या काहींची मुलं मुंबई-गोव्याकडे असतात, एखाद्याने स्वतःची बोटही घेतली आहे. म्हणून आज सहलीच्या बोटीवरच्या विजेबद्दल बोलू. बोट मध्येच थांबवायची, इंजिन बंद करायचं, गाणी, दिवे आणि लहानसा फ्रिज मात्र चालू ठेवायचा. हे सगळं एकाच बॅटरीवर चाललं, तर परतताना सेल्फ मारल्यावर नुसता ‘कट्‌ कट्‌’ आवाज येतो. रस्त्यावर गाडीला चार जण धक्का तरी मारतात, पाण्यात तेही नाही. म्हणून दुसरी बॅटरी हवी.

गंमत अशी की इंजिन सुरू करायला वीज फारशी लागतच नाही. 200 अँपिअर 5 सेकंद खेचले, तरी हिशोब पाव अँपिअर-तासाच्या आसपास येतो. लागतो तो जोर, तोही एकदम. त्यासाठी स्टार्टिंग बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. उलट 6 अँपिअरचा भार 5 तास चालवला की 30 अँपिअर-तास गेले. हे काम जाड प्लेटांच्या डीप सायकल बॅटरीचं, म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीचं. घरच्या इन्व्हर्टरला आपण गाडीची बॅटरी लावत नाही, ते याच कारणाने. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून 30 च्या खर्चाला किमान 60 ची, आणि माझं मत विचाराल तर 100 ची घ्या. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर मात्र बोटीवर नेऊ नका. हेलकाव्यात आम्ल सांडतं. सीलबंद एजीएम बरी, तिच्यात आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं.

आता जोडणी. बाजारात ‘1, 2, बोथ, ऑफ’ असा गोल स्विच मिळतो. स्वस्त आहे, टिकाऊ आहे, पण सगळी भिस्त माणसाच्या आठवणीवर. इंजिन बंद केल्यावर तो ‘बोथ’वर राहिला, की दोन्ही बॅटऱ्या एकदमच उतरतात आणि दुसऱ्या बॅटरीचे पैसे पाण्यात. इंजिन चालू असताना कुणी तो ‘ऑफ’वर फिरवला, तर अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे, डायोड उडू शकतात. सहलीला गेलेल्या माणसाकडून इतकी शिस्त मी तरी धरत नाही.

म्हणून व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसवावा. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर आधी स्टार्टिंग बॅटरी भरतो. व्होल्टेज साधारण 13.3 ला पोचलं की रिले दुसरी बॅटरी जोडून घेतो. इंजिन बंद झालं, व्होल्टेज 12.8 च्या खाली आलं, की दोघींची फारकत. गाणी कितीही वेळ वाजवा, सेल्फची बॅटरी शाबूत.

दोन्हींच्या पॉझिटिव्ह वायरवर फ्यूज हवा, बॅटरीपासून वीतभराच्या आत. लांब लावलात तर मधल्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, आणि आगीला तेवढं पुरतं. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मात्र मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःचा फ्यूज देऊन थेट बॅटरीवर घ्यावा. बोट किनाऱ्याला बांधून सगळं बंद केलं तरी तो चालला पाहिजे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 वर जातो, हेही चार्जर घेताना ध्यानात ठेवा. 25 अंशांना 14.4 व्होल्ट ठीक असतील, तर 40 अंशांना साधारण 14 पुरतात. तापमान पाहून व्होल्टेज उतरवणारा चार्जर नसेल, तर बॅटरी उकळून सुकते.

समोरून काकांनी विचारलंय, लिथियम लावली तर? जरूर लावा, वजन बरंच वाचतं आणि ती निम्म्याखालीही उतरवता येते. पण मग हा रिले चालायचा नाही. लिथियम बॅटरी इतकी वीज ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. तिथे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घालावा लागतो. तो अल्टरनेटरवरचा भार ठरलेल्या अँपिअरवरच रोखतो.